पाडव्यानंतरचा वसंत

मी घर सोडलं तेव्हा आई रडली नाही, तिने भूगोल काढला. २०११ सालचा फेब्रुवारी महिना. कराडच्या आमच्या घरासमोर मुंबई विमानतळाची गाडी उभी, नवरा नितीन डिकीत बॅगा कोंबतोय, चार वर्षांची रेवा माझ्या कडेवर, शेजारच्या काकू दह्याची वाटी घेऊन आलेल्या, आणि आई फाटकाला टेकून म्हणाली, "विषुववृत्ताला चिकटून राहायला निघालीस. तिथे ऋतूच नाहीत, मंजू. वर्ष गेलं हे तुला कळणार कसं?" मी म्हटलं, "रेवाचे फ्रॉक आखूड झाले की कळेल." सगळे हसले. आईही हसली, पण काकूंच्या नंतर. गाडी वळेपर्यंत ती तिथेच उभी होती.

तिचं खरं निघालं. सिंगापुरात येऊन वर्षभरात माझे फोटो बघितले तर जानेवारी कुठला आणि जुलै कुठला हे मलाही सांगता येईना. तेच ऊन, तीच चार वाजताची सर, तेच अर्ध्या बाहीचे कपडे. आम्ही सेंगकांगला बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. नितीन सकाळी उजाडायच्या आत निघून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जुरोंग ईस्टला आणि तिथून कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला रिफायनरीत जायचा. मी शहरातल्या एका बँकेच्या आयटी विभागात. फ्रिजवर मराठी दिनदर्शिका लटकवलेली असायची. दर वर्षी कराडहून कुणी ना कुणी ती आणून द्यायचं. पाहुण्यांच्या चिवड्यापेक्षा मी तिची वाट जास्त बघायची, कारण माघ चालू आहे की आषाढ हे मला खिडकीतून कधीच कळलं नाही. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे सांगायला नको. ऋतू मी बघत नसे, वाचत असे.

आता आईबद्दल. आई कराडमध्ये अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवायची. बत्तीस वर्षं शिकवलं. आमच्या अभ्यासक्रमात कुणा साहेबाच्या काळापासून राहून गेलेली एक गोष्ट होती: प्रिमरोझ. इंग्लंडच्या रानात वसंताच्या सुरुवातीला येणारं फिकट पिवळं फूल. कराडच्या पंचक्रोशीत प्रिमरोझ फक्त एका ब्यूटी पार्लरच्या पाटीवर होता. तरी आई दर वर्षी पिवळ्या खडूने फळ्यावर दोन फुलं शेजारी शेजारी काढायची. एका झाडाच्या फुलात मधोमध हिरवी कुक्षी वर आलेली दिसते, टाचणीच्या डोक्यासारखी, आणि परागकोश खाली नळीत दडलेले. दुसऱ्या झाडाच्या फुलात बरोबर उलट. परागकोशांचं कडं वर आणि टाचणी आत लपलेली. आपलाच पराग आपल्याला लागू नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. हे सांगून झालं की आई पोरांना प्रामाणिकपणे सांगायची, "मी हे पाहिलेलं नाही. पुस्तकावर विश्वास ठेवून सांगतेय."

माझी धाकटी बहीण शमा डॉक्टर होऊन इंग्लंडला गेली, डेव्हन भागातल्या एका खेड्यात राहू लागली. तेव्हापासून आईने तो विषय धरला. तिला लंडन बघायचं नव्हतं, राणीचा वाडा बघायचा नव्हता. दोन झाडांची दोन फुलं दोन हातांत धरून मधोमध काय आहे तेवढं बघायचं होतं. शमाने पाठवलेला फोटो तिला चालत नसे. "फोटो पुस्तकातही होता की," म्हणायची. पण दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. बाबांचं आजारपण आलं, मग बाबा गेले, मग दोन वर्षं तिचं कशातच लक्ष नव्हतं.

आणि मग २०१५ च्या दिवाळीत तिला पेपर वाचताना शब्दांची मधली अक्षरं दिसेनात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. वयाने होतं असं. कडेचं दिसत राहील, ज्याच्याकडे थेट बघाल ते दिसणार नाही. उजवा डोळा आज ठीक आहे. "आज" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. निघताना म्हणाले, "जे बघायचं असेल ते लांबणीवर टाकू नका, मॅडम." ते आईचे विद्यार्थी नव्हते, पण आईला सगळेच मॅडम म्हणायचे.

त्याच आठवड्यात आम्ही तिघी फोनवर बसलो. आईने आधी माझ्याकडे यायचं, मी रजा घेऊन तिला शमाकडे न्यायचं, हे ठरलेलंच होतं. शमा म्हणाली, "ताई, मार्चच्या पहिल्या आठवड्यात आण. इथे तेव्हा प्रिमरोझ भरात असतात." मी फ्रिजवरची नवी दिनदर्शिका चाळली. म्हटलं, "मार्चमध्ये तर अजून फाल्गुन आहे ग. वसंत चैत्रात. पाडवा एप्रिलमध्ये येतोय, तो करू आणि निघू." आई लगेच माझ्या बाजूला. "फाल्गुन म्हणजे शिशिरच. आपल्याकडे पानगळ चालू असते तेव्हा. बर्फात जाऊन काय बघायचं?" शमा हसली. "आई, इथल्या फुलांकडे पंचांग नाही." बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला कळू नये? पण चैत्र-वैशाख वसंत ऋतू हे आपण दुसरीत पाठ केलेलं असतं. ते वनस्पतिशास्त्राच्या किती तरी आधी आत जाऊन बसतं. पुस्तकात 'वसंताच्या सुरुवातीला' असं लिहिलेलं, म्हणजे आमच्या हिशेबाने पाडवा.

हे झालं आईचं. माझं वेगळं होतं, ते इथे लिहून टाकते. मार्चअखेर आमच्या बँकेची नवी सिस्टीम चालू व्हायची होती. रजा मागितली असती तर कदाचित मिळाली असती, कदाचित नसती. मी मागितलीच नाही. चैत्र माझ्या सोयीचा होता, म्हणून मी त्याच्यावर बोट ठेवलं.

जानेवारीअखेर आई सेंगकांगला आली. इंग्लंडचा व्हिसा मुंबईतच घेऊन ठेवलेला, तिकिटं एप्रिलची. रोज सकाळी ती लिफ्टने खाली जायची, ब्लॉकभोवती फेरी मारायची, रस्त्याकडेच्या बोगनवेली तपासायची. एकदा वर येऊन म्हणाली, "या झाडांना सुट्टीच नाही का ग? बारा महिने फुलायचं म्हणजे नोकरीच झाली." माझ्या लॅपटॉपकडे बघून म्हणाली, पण मी ते मनावर घेतलं नाही.

शमाचे फोटो संध्याकाळी यायचे. फेब्रुवारीत चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मधल्या गवतात, स्नोड्रॉपची पांढरी फुलं. माना खाली घातलेली, कुणी तांदूळ सांडून गेल्यासारखी. मग हेझल नावाच्या झुडपाच्या उघड्या फांद्यांवर लोंबणारी पिवळट शेपटं. आई टॅबलेट उजव्या डोळ्याला लावून सांगायची, "नरफुलं ती. पानं येण्याआधीच उरकून घेतात, वाऱ्याला अडथळा नको म्हणून." मग चिंचोळ्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच मातीचे बांध, बांधावर झुडपांचं कुंपण. त्या बांधांच्या उतारावर आधी चकचकीत पिवळी सेलंडाईन, मग जांभळी व्हायोलेट, आणि मार्च लागताच प्रिमरोझ. दोन-चार नव्हे, झुपकेच्या झुपके. मागे शेतात नुकती जन्मलेली कोकरं. फोटोखाली शमाने लिहिलं होतं, 'आत्ता आहेत. या ना.' आईने तो फोटो खूप वेळ बघितला. मोठा केला, आणखी मोठा केला. मधलं काही स्पष्ट होईना. "पाडवा झाला की निघतोच आहोत," म्हणाली आणि टॅबलेट खाली ठेवला. मी तेव्हा दिवसाचे बारा तास ऑफिसात असायची. हा प्रसंग मला नितीनने नंतर सांगितला.

आमच्या इथे सरकारी फ्लॅटना स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूसाठी नळ्या बसवलेल्या असतात. आम्ही दर वर्षी गुढी त्यातल्याच एका नळीत बसवायचो. आईला ही सोय फार आवडली. "तुमच्या सरकारने पाडव्याचा विचार केलाय हो," असं नितीनला म्हणाली. पाडव्याच्या सकाळी तिने स्वतः बांबूला साडी नेसवली, लिटिल इंडियातून आणलेला कडुलिंब बांधला, वर तांब्या पालथा घातला. नितीनने गुढी नळीत बसवली. समोरच्या गॅलरीतल्या चिनी आंटीने नेहमीसारखं विचारलं, "वाह, टुडे व्हॉट फेस्टिव्हल?" मी "न्यू इयर" म्हणून हात केला.

आई हळदीकुंकू घेऊन खिडकीशी आली आणि म्हणाली, "नितीन, काठी वाकडी का आणलीत?"

नितीन म्हणाला, "वाकडी नाही आई, नवीनच घेतलाय बांबू."

"मध्ये कमान आलीय बघा."

रेवा ओट्यावर चढून बसली होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, इट्स सो स्ट्रेट, लाह!"

आईने मान इकडे तिकडे केली. डावा डोळा हाताने झाकला. मग खाली फरशीकडे बघितलं, फरशांच्या मधल्या रेषा बघितल्या. आईने वाकून, अंदाजाने, काठीला हळदीकुंकू लावलं, नमस्कार केला, रेवाच्या हातात कडुलिंब-गुळाची गोळी ठेवली आणि मगच मला म्हणाली, "फरशीच्या रेषाही वाकल्यात. उजव्यातही आलं बहुतेक." आम्ही ज्या दिवसासाठी थांबलो होतो तोच हा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पडद्यामागे रक्त उतरलं होतं. डोळ्यात इंजेक्शन दिलं. ते पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही. मी विचारलं, हे पाच आठवड्यांपूर्वी होतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच आठवड्यांपूर्वी त्यांना बहुधा सगळं नीट दिसत असणार. त्यांनी ते मला धीर द्यायला सांगितलं, की तुम्ही उशीर केलेला नाही, लक्षण दिसताच आणलंत. मी "थँक यू" म्हणाले. खाली टॅक्सीच्या रांगेत आई माझा दंड धरून उभी होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. काही करण्यासारखं असतं तर मी केलं असतं, नोकरी सोडली असती, काहीही. करण्यासारखं फक्त मार्चमध्ये होतं.

मला वाटलं आता आई नको म्हणेल. घरी आल्यावर ती म्हणाली, "तिकिटं आहेत ना? मग जाऊ. कडा दिसतात अजून."

एप्रिलच्या मध्याला आम्ही शमाच्या गावी पोचलो. पावसाची बारीक भुरभुर, थंडी बोचरी. झाडं अजून निम्मी उघडी, आणि काळ्या काटेरी झुडपांवर पान नसताना पांढरा मोहर. स्नोड्रॉपची नुसती पानं उरली होती, लोळलेली. हेझलची शेपटं गळून चिखलात मिसळलेली. पण गल्लीच्या बांधावर प्रिमरोझ होते. काही तपकिरी पडलेले, काही गोगलगायींनी कुरतडलेले, तरी बरेच शाबूत. कुठून तरी रानलसणाचा वास येत होता. गल्लीच्या तोंडाशी थांबून आई म्हणाली, "पिवळं पिवळं दिसतंय सगळं," आणि क्षणभर मला वाटलं की बघ, जमलं.

आई शमाचा रेनकोट घालून लाल चिखलात गुडघ्यांवर बसली. आधी पान चाचपलं. "सुरकुतलेलं. बरोबर." मग एक फूल देठासकट खुडलं आणि उजव्या डोळ्याजवळ नेलं. पाकळ्यांच्या कडा तिला दिसत होत्या. पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाच, तिने मोजून सांगितलं. मग फूल जवळ नेलं, लांब धरलं, तिरकं केलं. "जिथे बघायला जाते तिथेच ठिपका येतो," म्हणाली, आणि फूल माझ्याकडे दिलं. "तू बघ."

मी बघितलं. मधोमध हिरवट, गोल. "टाचणी आहे, आई."

"आता दुसऱ्या झाडाचं आण. एका झाडावर एकच प्रकार असतो, त्याच झाडाचं आणू नकोस."

मी आणि शमा गल्लीत पुढे निघालो. वाकून एकेक झुपका बघत होतो, आणि सगळ्यांत टाचणीच. वयाची चाळिशी आलेल्या आम्ही दोघी, आईने प्रॅक्टिकलला पाठवल्यासारख्या चिखलात पळत होतो. सातव्या की आठव्या झुपक्यात शमा ओरडली, "सापडलं!" मी ते आईला नेऊन दिलं. आईने एक फूल डाव्या हातात आणि एक उजव्या हातात धरलं, फळ्यावर काढायची तशी शेजारी शेजारी, आणि म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. डावीकडे टाचणी वर, बाकी काही दिसत नाही. उजवीकडे टाचणी नाही, पिवळ्या ठिपक्यांचं कडं आहे, पाच ठिपके. तिने नखाने उजवीकडच्या फुलाची नळी उभी चिरली, अजिबात न बघता, आणि विचारलं, "कुक्षी कुठवर आहे?" "निम्म्यापर्यंत." तोंडी परीक्षा घेताना ऐकायची तशी ती सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरोबर आहे. पुस्तकात असंच आहे."

माझ्या तोंडून नको ते गेलं. "मग झालं की नाही आई? बघितलं आपण शेवटी."

आई चिडली नाही. फुलं पदरात ठेवत म्हणाली, "तुम्ही बघितलंत. सांगून भागत असतं तर बत्तीस वर्षं मी सांगतच होते की."

शमा तोंड फिरवून कुंपणापलीकडच्या मेंढ्यांकडे बघायला लागली. मी आईच्या साडीच्या काठाचा चिखल झटकत राहिले, आणि तो ओला असल्यामुळे आणखीच पसरत गेला. त्या सहा दिवसांत शमाने एकदाही 'मार्च' हा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मला काही तरी ऐकून घेता आलं असतं.

सेंगकांगला परतल्यावर आईची फार पंचाईत होऊ लागली. सगळे ब्लॉक सारखे, सगळे मजले सारखे, लिफ्टची बटणं सारखी. ग्लास कुठे, चष्म्याची पेटी कुठे, बाथरूमचा दिवा कुठला, सगळं विचारावं लागायचं आणि विचारण्याची तिला सवय नव्हती. मी म्हटलं, इथेच राहा, इथे राहायच्या पासचं काही तरी बघू, इथले डॉक्टर चांगले आहेत. ती म्हणाली, "कराडला मला बघावं लागत नाही ग." पुण्याला इंजेक्शनांची सोय झाली, घरी एक बाई दिवसभर राहायला तयार झाली, आणि मे महिन्यात मी आईला पोचवायला गेले.

तिथे दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वीज गेली. मी मधल्या खोलीत होते. याच घरात मी लहानाची मोठी झाले, तरी काडेपेटी कुठल्या कोनाड्यात असते ते मला आठवेना. भिंत चाचपत एक पाऊल टाकलं तर स्टुलाला अडखळले. आतून आईचा आवाज आला, "हलू नकोस, मी येते." ती सरळ आली, माझं मनगट धरून मला पलंगावर बसवलं, आणि परत जाऊन कंदील लावून आणला. सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये मी डोळे मिटून चहा करू शकते. हे कधी घडलं, कुणास ठाऊक. इतकी वर्षं कुणी विचारलं की घर कुठे, मी कराड सांगायची, आणि माझ्या हातांनी ते घर कधीच सोडून दिलं होतं. ज्या घरात माझे हात चालतात तिथे आईचे चालत नाहीत. आता घर म्हणजे ही दोन्ही घरं, आणि त्यांच्यामधलं अंतर मला मिटवता येत नाही.

आता आम्ही दर रविवारी सकाळी व्हिडिओवर भेटतो. आई कराडला खुर्चीत बसते, बाई फोन समोर लावून देते. पहिल्याच रविवारी आई सारखी खिडकीकडे बघत बोलत होती. भाजी काय केली, शमाचा फोन आला होता, सगळं खिडकीला सांगितल्यासारखं. मला वाटलं, रुसली. रेवाही कुजबुजली, "ममा, शी इज नॉट लुकिंग अ‍ॅट अस." मी दोन-तीनदा म्हटलं, "आई, इकडे बघ ना. फोनकडे. माझ्याकडे बघ."

"बघतेय की," आई खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस."